परीक्षा होऊ दे

माझ्या कॉम्प्युटरवर कोणतं लिनक्स आहे असं कुणी विचारलं की मी 'डेबियन' म्हणतो. पण तो शब्द तोंडातून निघायच्या आधी मनात मामा येतात. मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्या कॉलेजात शिपाई आणि प्रयोगशाळा सहायक या सगळ्यांना पोरं मामाच म्हणायची. कराड तालुक्यातल्या त्या कॉलेजात असे सात-आठ मामा होते. हे कॉम्प्युटर लॅबचे मामा. शिक्षण दहावी. नोकरीची पहिली १९ वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये गेलेली. कॉम्प्युटरची लॅब सुरू झाली तेव्हा 'तुमचा हात हलका आहे' एवढ्याच कारणानं त्यांना तिकडे धाडलं होतं.

हलका हात म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. फिजिक्सच्या लॅबमध्ये तराजूच्या पेटीत मिलिग्रॅमची वजनं असतात, पातळ पत्र्याचे इवलेसे तुकडे. ती बोटांनी धरायची नसतात, चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. मामांनी १९ वर्षं पोरांच्या हातात तो चिमटा दिला होता, आणि नव्या लॅबमध्ये येताना ती सवय त्यांच्याबरोबर आली.

२००६च्या जूनमध्ये मी बी.एस्सी.ला दाखल झालो. लॅबमध्ये २४ मशीन होती, प्रत्येक डब्यावर लाल ऑइलपेंटनं क्रमांक घातलेला. सगळ्यांवर डेबियन ३.१, म्हणजे 'सार्ज' नावाची आवृत्ती. ती एका सरांनी बसवून दिली होती. ते सर नोकरी सोडून गेले आणि मशीन मामांच्या पदरात पडली. जाण्याआधी सरांनी सांगितलेली प्रत्येक कमांड मामांनी वहीत उतरवून घेतली होती. इंग्रजी अक्षरं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सुटी सुटी, आणि त्याखाली मराठीत अर्थ. 'यादी ताजी करणे.' 'सुरक्षेची दुरुस्ती घेणे.' एका कमांडखाली नुसतंच 'हे चालवू नये' आणि त्याखाली दोन रेघा.

वही म्हणजे २०० पानी लाँगबुक. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, मशीन क्रमांक, काय झालं, काय केलं, सही. माउस बदलला तरी नोंद व्हायची. मी पुढे पुण्यात मोठाले सर्व्हर सांभाळणारी माणसं पाहिली, पण इतकी नेमकी वही कुणाकडे पाहिली नाही.

त्या वर्षी मला टपालानं उबुंटूच्या सीडी आल्या. मागणी नोंदवली की जगात कुठेही सीडी फुकट घरपोच पाठवायची अशी त्यांची योजना होती, ती २०११पर्यंत चालली. परदेशी शिक्क्याचं पाकीट बघून आमच्या पोस्टमननं ते माझ्याकडे न देता वडिलांच्या हातात दिलं होतं. उबुंटू ही डेबियनच्याच पोटची, मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली सुरू केलेली. दिसायला देखणी, नवी, हसतमुख. मी ती सीडी घेऊन लॅबमध्ये गेलो.

"मामा, हे घाला की सगळ्यांवर. आपलं लई जुनं झालंय."

मामांनी सीडी दोन्ही बाजूंनी निरखली, परत पाकिटात सरकवली आणि म्हणाले, "चांगलं दिसतंय. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. मी पुन्हा गेलो. तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यातल्या २४ नंबरच्या मशीनपाशी नेलं. "हे तुमचं. ह्याच्यावर काय बी घाला. मोडलं तरी मी काय बोलायचो न्हाई. फकस्त वहीत लिवायचं." २४ नंबरवर आम्ही काय काय नाही बसवलं! ते दर महिन्याला मोडायचं, आणि मोडलं की मामा शेजारी स्टूल घेऊन बसायचे, काय झालं ते विचारून लिहून घ्यायचे. एखादी गोष्ट २४ नंबरवर एक सत्र नीट चालली की ती २१, २२ आणि २३वर जायची. तिथेही तक्रार आली नाही तर सुट्टीत उरलेल्या २० मशीनवर. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर मात्र कशालाच हात लावायचा नाही. बाहेरून परीक्षक आलेला असताना मशीन अडलं तर पोराचं वर्ष जातं, एवढंच त्यांचं कारण होतं.

डेबियन कसं घडतं ते मी खूप नंतर वाचलं आणि वाचता वाचता थबकलो. तिथे हेच चालतं. नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा बांधलेला गठ्ठा, आधी 'सिड' नावाच्या शाखेत येतं. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. या शाखेचं नाव कधी बदलत नाही, कारण तिथे मोडतोड कायमचीच. काही दिवस तिथे काढल्यावर गंभीर चूक निघाली नाही तर पॅकेज 'टेस्टिंग'मध्ये जातं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगचं दार हळूहळू बंद करतात, त्याला फ्रीज म्हणतात. मग महिनोन्महिने नवं काही आत न घेता फक्त चुका निस्तरायच्या. आणि मग जे बाहेर येतं ते 'स्टेबल'. तारखेसाठी घाई करायची नाही, तयार होईल तेव्हा होईल. मामांचा २४ नंबर म्हणजे सिड, २१ ते २३ म्हणजे टेस्टिंग, आणि प्रात्यक्षिकाच्या आधीचा महिना म्हणजे फ्रीज. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. चिमट्यानं वजन उचलणारा माणूस आपल्या पायांनी तिथवर चालत गेला होता.

स्टेबल या शब्दाचा अर्थही मला त्यांच्यामुळेच लागला. स्टेबल म्हणजे कधीच न बिघडणारं असं मी समजत होतो. तसं नाही. स्टेबल म्हणजे न बदलणारं. आजची कमांड उद्या तशीच चालेल, आज जिथे बटण आहे तिथेच ते पुढची दोन-तीन वर्षं राहील. सुरक्षेची भगदाडं बुजवली जातात, पण बुजवतानाही नवी आवृत्ती न आणता जुन्या आवृत्तीलाच ठिगळ लावतात. सदऱ्याला भोक पडलं तर भोक शिवायचं, सदरा बदलायचा नाही. रोज त्याच मशीनवर पोट भरणाऱ्या माणसाला हेच हवं असतं.

ते भारनियमनाचे दिवस होते. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच निकामी झालेल्या. भर प्रॅक्टिकलमध्ये दिवे जायचे आणि २४ पडदे एकदम काळे. पोरांनी सेव्ह न केलेलं जायचं ते जायचंच, पण वीज आल्यावर मशीन पुन्हा उभी राहायची. त्याचं कारण मामांनीच मला सांगितलं. डिस्कवर 'ईएक्सटी३' ही फाइलींची मांडणी होती आणि ती वही ठेवते. फाइलींच्या रचनेत काही बदल करायचा तर तो आधी एका बाजूला नोंदवायचा, मग जागेवर करायचा. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती नोंद बघून अर्धवट काम एक तर पुरं करायचं, नाही तर सोडून द्यायचं. "आपल्या वाण्याकडं असती तशी कच्ची वही," मामा म्हणाले, "आधी कच्चीत, मग पक्कीत." पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला हाच प्रश्न आला आणि मी कच्ची वही, पक्की वही असंच उत्तर दिलं. ती नोकरी मला लागली.

एप्रिल २००७मध्ये डेबियनची पुढची आवृत्ती 'एच' आली. आम्हाला ती दुसऱ्याच दिवशी हवी होती. मामांनी जूनमध्ये ती २४वर घालू दिली आणि दिवाळीच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, सगळ्या मशीनवर. त्यांच्या मदतीला मी चार दिवस थांबलो होतो. दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि कोरड्यास आम्ही वाटून खायचो. तेव्हा त्यांनी मला डिस्कचे भाग पाडायला शिकवलं. "घराला खोली येगळी ठेवायची," ते म्हणाले. 'होम' म्हणजे आपल्या फाइली असतात तो भाग वेगळा ठेवायचा, म्हणजे बाकी सगळं पाडून नव्यानं बांधलं तरी घरातलं सामान जागेवर राहतं.

ते मी शिकलो, आणि बाकीचं विसरलो.

पुण्यात आल्यावर नोकरी केली, ती सोडली आणि भाषांतराचा व्यवसाय धरला. बहुतेक जमिनीचे कागद: खरेदीखतं, फेरफार, भूसंपादनाच्या नोटिसा. हातात पैसा आणि चांगलं इंटरनेट आलं, तशी मला नव्याची चटक लागली. दर आठवड्याला सगळं ताजं होणारं लिनक्सचं एक डिस्ट्रो, म्हणजे वितरण, मी घेतलं. ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला रोज इंजिन उघडून बघायचं आहे त्याच्यासाठी ते उत्तमच. मी मात्र त्याच्यावर पोट भरत होतो. २०१६च्या मार्चमध्ये एका शनिवारी रात्री अपडेट केलं आणि रविवारी सकाळी पडदा काळा. सोमवारी ११ वाजता १८० पानांचं काम वकिलांकडे पोचायला हवं होतं. एका शेतकरी कुटुंबाच्या मोबदल्याची सुनावणी होती आणि त्यांचे कागद माझ्या मशीनमध्ये अडकले होते. तो रविवार आठवला की आजही पोटात गोळा येतो.

दुपारपर्यंत खटपट करून मी मामांना फोन लावला. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी गेले होते. मी घाईघाईनं काय काय झालं ते सांगत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घराला खोली येगळी ठेवलीया न्हवं?"

ठेवली होती. ती एक सवय हातात उरली होती.

"मग रडतोयस कशाला पोरा? भिंती पडल्यात. सामान हाय."

पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, फाइली बाहेर काढल्या, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर रात्रभर बसून काम पुरं केलं. सोमवारी ते वेळेत पोचलं. मंगळवारी मी डेबियन ८, 'जेसी' बसवलं. ती आवृत्ती येऊन तोवर वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत एकाही सोमवारी मशीनमुळे माझं काम अडलं नाही. या वर्षांत जे काही कमावलं, ते त्या न अडलेल्या सोमवारांवर.

माझं सगळं काम देवनागरीत. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, आणि पडद्यावर 'तऱ्हा', 'ऱ्हास' नीट दिसायला हवं, ऱ्हाची ती आडवी कोयरी जागेवर यायला हवी. सुरुवातीला मी 'लोहित' फॉन्ट वापरायचो. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवलेले आणि रेड हॅटनं सगळ्यांसाठी मोकळे केलेले. लोहित म्हणजे तांबडा. अक्षरं एकमेकांत गुंफून जोडाक्षर घडवण्याचं काम 'हार्फबझ' करतं, ते नाव फारसीतलं. ही नावं मी मुद्दाम लिहितो आहे. रोज आठ तास ज्यांच्या हातचं खातो त्यांची नावं तरी ठाऊक असावीत.

डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केली. तेव्हा ते वीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्या वेळची लिनक्सची जुळवाजुळव चुकांनी भरलेली होती आणि ती निगुतीनं व्हावी असं त्यांना वाटत होतं. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांतून डेबियन. डिसेंबर २०१५मध्ये ते गेले. २०१७ची 'स्ट्रेच' ही आवृत्ती त्यांना अर्पण केलेली आहे.

पण मला रडू आलं ते दुसऱ्या एका अर्पणपत्रिकेनं. ऑगस्ट २०००मधली 'पोटॅटो' ही आवृत्ती जोएल क्लेकर यांच्या स्मृतीला अर्पण केली आहे. त्याच्या महिनाभर आधी, २१व्या वर्षी ते गेले. त्यांना डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार. डेबियनसाठी काम केलं त्यातला बराचसा काळ ते अंथरुणाला खिळून होते, आणि बरोबरच्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. 'जीलिबसी' नावाचं जे पॅकेज ते सांभाळत, त्याच्या पायावर बाकीचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम उभे असतात. एक मुलगा पलंगावर पडून, बोटं चालताहेत तोवर, जगाच्या पाठीवरच्या अनोळखी माणसांच्या मशीनचा पाया दुरुस्त करत होता. मी त्या वर्षी सहावी-सातवीत असेन. त्याची फेड मी कुणाला करू?

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. 'एक्सझेड' हे फाइली आवळून लहान करण्याचं साधन. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते. 'जिया टॅन' असं नाव घेतलेल्या कुणीतरी मदतनीस होऊन त्यांचा विश्वास कमावला आणि २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो लपून राहिला असता तर असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. तो सापडला डेबियनच्या सिड शाखेवर. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे इंजिनिअर. दुसऱ्याच कसल्या तरी चाचण्या करताना त्यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते त्यांनी सोडून दिलं नाही. माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. माझ्या मशीनवर स्टेबल होतं, 'बुकवर्म', आणि त्यात एक्सझेडची ५.४.१ ही जुनी आवृत्ती. मला काहीच करावं लागलं नाही. त्या रात्री मला २४ नंबर आठवला. कुणीतरी ते मशीन मोडायला मोकळं ठेवतं, त्यावर बसून अर्धा अर्धा सेकंद मोजतं, म्हणून उरलेल्या २० मशीनवरची पोरं निवांत पेपर देतात. माझं निवांतपण अशा लोकांच्या जागरणातून आलेलं आहे.

माझी ताई मिरजेजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचा लॅपटॉप दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि त्या लॅपटॉपवर ११ चालणार नव्हतं. "नवा घ्यावा लागणार का रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, भाऊबिजेला येतोय, तेव्हा बघू.

तिच्यासाठी काय घ्यावं याचा मी खूप विचार केला. लिनक्स मिंट मनात होतं. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर उभं असलेलं हे डिस्ट्रो विंडोजची सवय असलेल्या माणसाला लगेच हाताळता येतं. सांभाळायला जवळ कुणी नसेल अशा माणसाला मी आजही मिंटच सुचवीन. फेडोरा मला आवडतं, पण त्याच्या एका आवृत्तीला आधार १३ महिन्यांचा, म्हणजे दर वर्षी ताईच्या घरी भिंती पाडायच्या. शेवटी डेबियन १३ ठरवलं. ऑगस्टमध्ये आलेलं 'ट्रिक्सी', जवळपास ७० हजार पॅकेजं, तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं सुरक्षेपुरता. २०१५च्या मशीनला झेपावा म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. पूर्वी डेबियन बसवताना वायफायसाठी वेगळी फाइल शोधत बसावं लागे. २०२३पासून ती सोबतच येते, त्यामुळे तोही त्रास नाही.

जाण्याआधी मामांना फोन केला. आता त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं लागतं.

"ताईंचं काम जास्ती कवा असतंय?"

"एप्रिलात मामा, निकालाचं."

"मग आत्ताच घाल. मार्च लागला की हात लावू नगंस. आणि आधी न घालता चालवून बघ. प्रिंटर बोलतोय का बघ."

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी पोचलो. पेन ड्राइव्हवरून डेबियन चालू करून दिवसभर ताईला तिचं नेहमीचं काम करू दिलं. प्रिंटर बोलला. झाकण मिटून उघडलं की मशीन जागं होत होतं. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग सगळं ठीक. डिस्क काढून एसएसडी घातली. घराला खोली वेगळी ठेवली. पॅकेजांच्या यादीत 'स्टेबल' न लिहिता 'ट्रिक्सी' असं नाव लिहिलं. नाही तर दोन वर्षांनी पुढची आवृत्ती आली की ती यादी आपोआप तिकडे वळेल, आणि नेमकी निकालाच्या आठवड्यात वळेल. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतील अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी ओवाळून झाल्यावर ताईनं निकालपत्रकाचा जुना तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला, दोन रकाने सरकले होते ते नीट केले आणि म्हणाली, "एवढंच?"

संध्याकाळी आम्ही दोघं बाजारात गेलो. स्टेशनरीच्या दुकानातून मी एक २०० पानी लाँगबुक घेतलं. घरी आल्यावर पट्टीनं रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहिलं: २३ ऑक्टोबर २०२५. मशीन क्रमांक १. डेबियन १३ बसवले. प्रिंटर तपासला.

"आणि हा शेवटचा रकाना कशाचा?" ताईनं विचारलं.

"सहीचा."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.